लाठी चुकली की लागतेच

दिल्लीच्या रिज टेकडीवरचे हिंदूराव रुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते हिंदूराव घाटगे कागलच्या घराण्यातले, बायजाबाई शिंदे यांचे बंधू. कागलशेजारच्या कोल्हापुरात आजही तालमींतून मर्दानी खेळ शिकवतात. मोबाईलवर वाढलेल्या मुलांना हाच खेळ हवा, असे माझे मत आहे.

मोबाईलवर हरलो की बोटाच्या एका स्पर्शाने नवा डाव मिळतो. लाठी फिरवताना मनगट चुकले की ती आपल्याच कोपरावर नाहीतर नडगीवर बसते. मूल नडगी चोळते, वस्ताद पुन्हा पवित्र्यात उभे करतात. तोच हात, तेच पाऊल, आठवडाभर. कंटाळा येतो, आणि तो सोसणे हाच मला निम्मा खेळ वाटतो. मार सोसणे त्यामानाने सोपे!

मात्र संमेलनाआधी पंधरा दिवस लाठ्या वाटायच्या, टाळ्या घ्यायच्या आणि त्या पुन्हा कपाटात ठेवायच्या, याने काही साधत नाही. नुसता मोबाईल काढून घेतल्यानेही चिवटपणा येत नाही. सुट्टीत घरी गेलेला कॅडेट पहिल्याच रात्री तो हातात घेतो. वेळापत्रकात वर्षभर, आठवड्याला तीन तास तरी लाठीला द्या. पहिले सहा महिने प्रेक्षक नकोतच.