मिनिटं नको, बार विचारा

मी भाईंदर पूर्वेला खारीत राहते. स्कूबा डायव्हिंग शिकलेय, म्हणून मालवणला निघालेले शेजारी आधी माझ्याकडे चौकशीला येतात. किती पैसे घेतात, व्हिडिओ देतात का, पाण्याखाली किती मिनिटं ठेवतात? टाकीत हवा किती असते आणि तिच्यावर लक्ष कोण ठेवतं, हे मात्र कुणीच विचारत नाही. ते न विचारताही सांगणं प्रत्येक बोटीवर सक्तीचं असावं, असं माझं ठाम मत आहे.

पाण्याखाली मिनिटांच्या हिशेबावर विसंबता येत नाही. 12 लिटरची टाकी 200 बार दाबापर्यंत भरली, की तिच्यात सुमारे 2400 लिटर हवा असते. त्यातले शेवटचे 50 बार, म्हणजे 600 लिटर, राखीव. उरली 1800. मिनिटाला 20 लिटर हवा घेणाऱ्याला ती जमिनीवर दीड तास पुरेल. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, श्वासागणिक हवाही दुप्पट लागते आणि हाती राहतात 45 मिनिटं. 20 मीटरवर उरतो अर्धा तास. त्यात माणूस घाबरला, प्रवाहाशी झगडू लागला आणि श्वास दुप्पट झाला, तर त्याचीही 15 मिनिटं होतात. टाकी तीच, खोली तीच. फरक कळतो तो फक्त प्रेशर गेजवर.

‘प्रशिक्षक हात धरून असतो, खोलीही फार नसते, मग पर्यटकाच्या डोक्याला हा ताप कशाला?’ असं मला सांगितलं जातं. प्रशिक्षकांच्या कसबाबद्दल मला आदर आहे. तारकर्लीत एमटीडीसीने स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली, ही आपल्या राज्याची जमेची बाजू. पण प्रशिक्षकाला पर्यटक, प्रवाह आणि फोटो हे सगळं एकाच वेळी सांभाळावं लागतं, आणि कोकणातलं पाणी गढूळ झालं की जवळचंही दिसेनासं होतं. अशा वेळी गेजवर दुसरी नजर हवीच. शिवाय ज्याला आपली हवा दिसते तो धीर धरतो, आणि शांत माणसाची हवा जास्त टिकते.

राखीव हवेबद्दलही तडजोड नको. वर येताना घाई करायची नसते, श्वास तर मुळीच रोखायचा नसतो. सोबत्याची हवा संपली, तर त्यालाही आपल्याच टाकीतून द्यावी लागते. ते 50 बार त्यासाठी असतात, आणखी एका फोटोसाठी नव्हे.

म्हणून मागण्या तीनच. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाला गेज दाखवावं आणि ‘हवा कमी आहे’ ही खूण करून घ्यावी. 50 बार उरण्याआधी वर यायचा नियम लेखी असावा. आणि प्रत्येक फेरीत टाकीचा सुरुवातीचा व शेवटचा दाब वहीत नोंदवावा, म्हणजे तपासणी करणाऱ्यालाही आकडे पाहता येतील. याला फारसा खर्च येत नाही. तोवर, मालवणला जाणाऱ्यांनो, पैसे भरण्यापूर्वी एवढंच विचारा: टाकी किती बारला भरली आहे आणि किती बारला वर आणणार? उत्तर मिळालं नाही, तर त्या बोटीत चढू नका.