म्हाताऱ्याच्या गोळीचा हिशेब

मी गोदीत हमाली करतो. मॅट्रिक आहे, हिशेब येतो.

माझ्या बानं मनोरहून एष्टीनं बोईसर गाठून एका केमिकल कंपनीत ॲसिडचे ड्रम लोटले. ठेकेदाराच्या हाताखाली. नफा मालकाला, धाप बाला.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याचा अदारकर अहवाल आला. १९४८ साली ईएसआय कायदा झाला. पुढं निवृत्त कामगाराला वर्षाला १२० रुपयांत उपचार, हेही नियमात आलं. पण कुणाला? पाच वर्षं विमा भरलेल्याला. ठेकेदारानं बाचं नाव मस्टरवर चढवलंच नाही!

मस्टरवरच्यांचं तरी काय? २०१४ साली ईपीएसची किमान पेन्शन महिना १००० ठरली. पुढली दहा वर्षं गोळी महागली, एष्टी महागली; हजार जागचा हलला नाही.

म्हणे, ५ लाखांचं कार्ड घ्या. कार्ड चालतं खाटेवर पडल्यावर. रोजची गोळी, छातीचा पंप गाठीच्या पैशानं. म्हणजे म्हाताऱ्यानं आधी मरणाला टेकायचं, मग सरकार धावणार!

आम्ही भीक मागत नाही. ज्या छातीनं तुमचा धूर गिळला तिची उधारी मागतो. ठेकेदाराचं मस्टर उघडा. नावं चढवा. गोळी द्या.