शंभर मीटरची धाव आणि वैद्याचे कर्तव्य

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की बीड जिल्ह्यातील चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत एक ठराविक मागणी सुरू होते : "डॉक्टर, शंभर मीटरसाठी ताकदीचं काहीतरी द्या." मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण या धावेचे असतात. मागणाऱ्याचे आईवडील पुष्कळदा ऊसतोडीला गेलेले असतात. अर्ध्या सेकंदावर घराचे भवितव्य अवलंबून असल्याने ही मागणी हसण्यावारी नेता येत नाही. तथापि तिचे उत्तर बाटलीतून देणे वैद्यधर्माला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या धावेचा वेग कशावर ठरतो? जलद आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंचे प्रमाण बरेचसे जन्मजात असते. ते प्रकृतीप्रमाणे स्वीकारावे लागते. मांडी व नितंबाच्या स्नायूंचे बल, त्या मानाने शरीराचे वजन आणि पावलाने जमिनीला दिलेला रेटा या गोष्टी मात्र अभ्यासाने सुधारतात. युसेन बोल्ट यांनी २००९ साली बर्लिन येथे ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तो सुमारे ४१ पावलांत.

आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळविले. त्यांच्या आदर्शाने आपली मुले पहाटे मैलोन् मैल धावतात. १६०० मीटरसाठी ते उपयुक्तच आहे. परंतु शंभर मीटरची शक्ती मुख्यतः स्नायूंतील तात्कालिक साठ्यातून येते. त्यासाठी थोड्या अंतराच्या, पूर्ण वेगाच्या मोजक्या धावा आणि दोन धावांमध्ये काही मिनिटांची विश्रांती हवी. शास्त्रोक्त अर्धशक्ती व्यायामाची मर्यादा येथे एकेका धावेला नव्हे, तर दिवसाच्या एकूण श्रमाला लावावी, असे मला वाटते.

आता औषधांविषयी. अश्वगंधेसारखी बल्य द्रव्ये आहार व निद्रेला पूरक आहेत, पर्याय नव्हेत. आणि चार दिवसांत तर ती काहीच साधत नाहीत. कुचल्यातील स्ट्रिक्निन आणि वत्सनाभातील हायजेनामाइन ही दोन्ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहेत. ही द्रव्ये आपल्या औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीतही आहेत, म्हणजेच ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची आहेत. उद्या राज्यस्तरावर धावणाऱ्या मुलाची कारकीर्द आपल्या एका पुडीने संपू शकते. वेदनाशामक गोळी घेऊन दुखावलेल्या मांडीवर धावणे तितकेच घातक आहे.

म्हणून औषधविक्रेत्या बंधूंना विनंती आहे की, धावण्यासाठी म्हणून बिनलेबलाचे चूर्ण वा गोळी देऊ नये. वैद्यांनी भरतीच्या तीन-चार महिने आधीच अशा मुलांना बोलवावे. वजन, हिमोग्लोबिन व हृदय तपासावे. डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांपैकी घरात परवडेल ते नियमित खाण्यास सांगावे. आठ तास झोप आणि चाचणीपूर्वी दोन दिवस विश्रांती सुचवावी. या सल्ल्यात विक्री होणार नाही. परंतु त्या मुलाचा आपल्या शास्त्रावरील विश्वास टिकेल, आणि आपल्या व्यवसायाचे खरे भांडवल तेच आहे.