अंगणवाडीचे ताट आणि आपली ज्वारी



अंगणवाडीत पोरांना काय खायला मिळते हा बायकांचा विषय, असे म्हणून आपण तो आजवर सोडून दिला. कापसाच्या भावावर रात्र जागवणारे आपण, त्या ताटात कुणाचे धान्य पडते हे विचारत नाही. विचारले पाहिजे. ते ताट म्हणजे आपल्या ज्वारीची दारातली बाजारपेठ आहे आणि तिथे आपल्यालाच जागा नाही.

ही योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीचा आहार हा हक्क ठरला. तीन वर्षांवरच्या मुलाला गरम ताजे जेवण, त्याहून लहानाला घरी न्यायचा शिधा. महाराष्ट्रात या शिध्याच्या नावाने वर्षानुवर्षे शिरा, सुकडी, उपम्याची पाकिटे आली. काही घरांत ती पोराच्या तोंडी न लागता गव्हाणीत गेली.

सर्वोच्च न्यायालयाने 2004 सालीच बजावले होते: या आहारात ठेकेदार नकोत, गावातली महिला मंडळे आणि बचत गट यांच्याकडून काम घ्या. तरी आपल्या राज्याने 2016 साली अशा अटींची निविदा काढली की लहान बचत गटाला दारातही उभे राहता येऊ नये. 2019 साली न्यायालयाने ती रद्द केली. मुलांच्या नावाने पैसा निघतो, वाटेत कुठे मुरतो, हे यावरून समजावे.

2023 साल भरडधान्याचे वर्ष म्हणून गाजले. आहारात आठवड्यातून एकदा तरी भरडधान्य द्या, असे केंद्राने राज्यांना सांगितले. जी भाकरी आपल्या घरात दोन वेळा होते, ती अंगणवाडीत आठवड्याची पाहुणी! आणि तिचे पीठही ठेकेदाराच्या गाडीतून आले, तर आपल्या पदरात काय?

हिशेब करू. 2025-26 साठी मालदांडीचा हमीभाव 3749 रुपये क्विंटल. पोराच्या भाकरीला 80 ग्रॅम ज्वारी लागली तर ती झाली 3 रुपयांची, आणि तीत प्रथिने सुमारे 8 ग्रॅम. कायद्याने 12 ते 15 ग्रॅम ठरवली होती. उरलेली वरणातून भागतात. पण 2017 साली सरकारने एका मुलामागे रोजचे 8 रुपये ठरवले, तेव्हा मालदांडीचा हमीभाव होता 1725. हमीभाव दुपटीवर गेला, तर ताटाचा दरही त्याच्याबरोबर चालला पाहिजे.

कोणी विचारील, सरकारी योजनांना नावे ठेवणारे आपण आता तिथेच हात पसरायचा काय? नाही. भीक नको, घामाचे दाम हवेत, हीच आपली जुनी मागणी. सरकार मुलांसाठी धान्य घेणारच आहे. सवलतीचा गहू-तांदूळ ताटात ओतून आमची ज्वारी महाग ठरवू नका, एवढेच म्हणणे आहे.

ज्वारी आपणही सोडली, हे कबूल करू. काढणीला माणूस मिळत नाही, पाखरे राखायला कोणी नाही, आणि एवढे करून भाव नाही. गावातच हक्काचे गिऱ्हाईक असेल तर कापसाशेजारी एक-दोन एकर ज्वारी परवडेल. वर कडबा घरचा.

म्हणून बैठकीत तीन मागण्या मांडू. आहाराचे काम गावच्या बचत गटाकडे द्या आणि पैसा आगाऊ द्या. बिले थकली की गट मोडतो आणि ठेकेदार परत येतो. ज्वारी आणि डाळ गावातून, निदान हमीभावाने घ्या. ताटाचा दर दरसाल हमीभावाबरोबर वाढवा.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव आणा. मांडायला बायकांना पुढे करा. ताटात काय पडते ते त्यांनी पाहिले आहे.