पेडल कशाला?

दिल्लीच्या मैफलींत स्टील गिटार वाजली की कौतुक ठरलेलं: "बघा, पेडलशिवाय!" पेटीवाल्याला कुणी "पायपेटीशिवाय वाजवता?" असं विचारतं का? पायातलं पेडल तारांचे सूर बदलतं, ते मुख्यतः कॉर्डसाठी. रागाला कॉर्ड हवेत कुठे? मींड येते डाव्या हातातल्या पोलादी कांडीतून. ती केसभर चुकली की स्वर गेला. पडद्यावर तार दाबायचीच नाही, भरवसा फक्त कानाचा. अली अकबर खाँसाहेबांची तालीम ब्रिजभूषण काब्रांनी याच वाद्यावर उतरवली. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी सगळ्यांना आठवते. गिटार कुणाची, विचारा; रसिक एकमेकांकडे बघतात. पेडल नाही हे मात्र त्यांना लगेच दिसतं.