अवजारांची निगा : खटक्यातली स्प्रिंग



फवारणी आटोपली की पाठीवरचा पंप गोठ्यातल्या खुंटीला जातो, तो पुढच्या फवारणीलाच खाली उतरतो. तोवर आतले औषध सुकून खटका अडकलेला असतो. मग बांधावर बसून तो खोलायचा, पुसायचा आणि घाईत कसातरी जोडायचा. खोलणे सोपे असते. चूक होते ती जोडताना.

एका हंगामात मीही असेच केले. टोपी फिरवताच आतली स्प्रिंग उडाली आणि कडब्यात गेली. शोधून सापडेना, म्हणून लिहायच्या पेनातली स्प्रिंग घातली. पंप चालला, पण सोडल्यावर खटका पुरता बंद होईना. नोझलमधून थेंब गळत राही. दांडी उभी धरली की तेच थेंब ओघळून मनगटावर येत. पाणीच ते, असे मनाशी म्हटले. संध्याकाळी डोके जड झाले, मळमळू लागले, अंगाला घाम सुटला. घरच्यांनी साबणाने अंग धुवायला लावले आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात नेले. डब्यावरचे नाव वाचून डॉक्टरांना उपचार लगेच ठरवता आले.

कीटकनाशक तोंडावाटेच पोटात जाते असे नाही, ते कातडीतूनही अंगात भिनते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. पण आपला पंप गळू न देणे हे तरी आपल्या हाती आहे.

खोलण्याआधी हातात रबरी मोजे घाला. टाकीत स्वच्छ पाणी घालून तीनदा विसळा. दर वेळी ते पाणी खटका दाबून नोझलवाटे त्याच शेतात फवारा. विहीर, नाला, गोठा यांच्याजवळ ते ओतू नका. मग टाकी रिकामी करून खटका दाबून धरा, म्हणजे आतला दाब निघून जाईल. बॅटरीचा पंप असेल तर आधी बटण बंद करा. दाब राहिला तर टोपी उघडताच फवारा तोंडावर येतो.

जुन्या घमेल्यात फडके अंथरून त्यावर खटका खोला. घरातली परात घेऊ नका. टोपी शेवटच्या आट्यावर आली की अंगठ्याने दाबून धरा आणि हळूच सोडा, म्हणजे स्प्रिंग उडणार नाही. निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे ओळीने मांडा. स्प्रिंग एका बाजूला निमुळती असेल तर तिचे अरुंद तोंड कुठे होते ते पाहून ठेवा.

सगळे भाग पाण्याने आणि जुन्या मऊ ब्रशने धुवा. नोझल तोंडाने फुंकू नका आणि त्यात तारही घालू नका. तारेने भोक मोठे होते.

जोडताना ओळीच्या उजव्या टोकापासून उलटे या, म्हणजे शेवटी निघालेला भाग आधी बसेल. रबरी कडे पाण्याने ओले करून बसवा. ते पिळलेले किंवा चिरलेले नसावे. तेल-ग्रीस लावू नका, काही रबर त्याने फुगते. स्प्रिंग आपल्या खाचेत सरळ उभी राहिली पाहिजे. टोपी लावताना आधी थोडी उलटी फिरवा. आटा जुळला की हाताला जाणवते. मग सुलटी फिरवून हातानेच घट्ट करा. पकडीने आवळले तर प्लॅस्टिकचे आटे जातात.

मऊ पडलेली स्प्रिंग ताणून पुन्हा घालू नका. ती आज काम देईल आणि उद्या गळेल. पंपाच्या दुकानातून त्याच मापाची नवी आणा, सोबत एक रबरी कडेही घेऊन ठेवा.

शेवटी टाकीत नुसते पाणी भरून दाब द्या आणि खटका पाच-सहा वेळा दाबून सोडा. सोडताच धार तुटली पाहिजे. मग दांडी उभी धरून शंभर अंक मोजा. हात कोरडा राहिला तरच टाकीत औषध घाला. एक थेंब जरी आला तरी पुन्हा खोला. त्यात अर्धा तास जाईल, पण रोग-कीड तेवढ्यासाठी थांबते.