हिशेब मागणारा नगरसेवक

फरीदाबाद महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत २०२२ च्या प्रारंभी संपली. त्यानंतरचे मतदान झाले २ मार्च २०२५ रोजी. मधली तीन वर्षे दिल्लीच्या सीमेला चिकटलेले हे औद्योगिक शहर एकाही नगरसेवकाविना चालले. २०११ च्या जनगणनेतच त्याची लोकसंख्या १४ लाखांवर गेली होती. या तीन वर्षांत नळाला पाणी येत होते, कचरा कमी-अधिक उचलला जात होता, ठेके दिले जात होते आणि देयकेही मंजूर होत होती. शहराच्या वतीने, पदाच्या अधिकाराने, या व्यवहारांचा जाब विचारणारे मात्र कोणी नव्हते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढील मतदानासाठी जानेवारी २०२६ उजाडावे लागले. दोन राज्ये, दोन वेगळे कायदे आणि राजकारणाच्या दोन वेगळ्या तऱ्हा. पण विलंबाची कारणे जवळपास सारखीच होती. प्रभागांची फेररचना, मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न आणि या दोहोंवरून न्यायालयात गेलेले वाद.

राज्यघटनेत या विलंबाला जागा नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि तिने अनुच्छेद २४३-यू द्वारे महापालिकेची मुदत पाच वर्षे निश्चित केली. मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे बंधन घातले. किशनसिंह तोमर प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन अपवादात्मक आपत्ती वगळता टाळता येणार नाही, असे स्पष्ट केले. सुरेश महाजन प्रकरणात मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने प्रभागरचनेचे काम अपुरे आहे हे निवडणूक लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही, असे बजावले. तरीही लोकसभेची किंवा विधानसभेची निवडणूक तीन वर्षे झाली नाही तर देशात जो गहजब उडेल, त्याचा शतांशही महापालिकेच्या बाबतीत उडत नाही. आपण मनातून महापालिकेला सरकार मानलेलेच नाही.

मी तीन दशकांहून अधिक काळ प्रशासकीय सेवेत काढला आहे. त्यामुळे प्रशासकाची बाजू मला आतून ठाऊक आहे. नगरसेवक नसले की फाइल लवकर हलते, सभागृहातला गोंधळ टळतो, बदल्यांसाठी आणि ठेक्यांसाठी येणारे फोन कमी होतात. माझ्या अनेक सहकाऱ्यांनी प्रशासक म्हणून प्रामाणिकपणे आणि झटून काम केले. पण प्रशासकाचे उत्तरदायित्व वरच्या दिशेला असते. त्याचा गोपनीय अहवाल राजधानीत लिहिला जातो, बदलीचा आदेशही तिथूनच निघतो. गल्लीत तुंबलेल्या गटाराचा त्याच्या पुढच्या नेमणुकीशी काही संबंध नसतो. नगरसेवक कितीही सामान्य असला तरी त्याला त्याच गल्लीत राहायचे असते आणि पाच वर्षांनी त्याच दारांवर पुन्हा जायचे असते.

फरीदाबादचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. जहांगीराचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ मध्ये दिल्ली-आग्रा मार्गाच्या रक्षणासाठी हे गाव वसवले, असे मानले जाते. आजच्या शहराचा पाया मात्र फाळणीनंतर घातला गेला. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ मध्ये फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झाले. राजेंद्रप्रसाद त्याचे अध्यक्ष होते आणि पंतप्रधान नेहरू स्वतः त्याच्या बैठकांना हजर राहत. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनच्या साह्याने निर्वासितांनी सहकारी संस्था काढल्या. घरे ठेकेदाराने बांधून द्यावीत ही कल्पना बाजूला सारून त्यांनी आपली घरे स्वतःच्या श्रमातून उभी केली. त्या प्रयोगात सहभागी असलेले लक्ष्मीचंद जैन यांनी पुढे त्याची कहाणी ‘द सिटी ऑफ होप’ या पुस्तकात लिहिली. काही वर्षांतच सहकाराचा तो जोम ओसरला आणि शहर पुन्हा खात्यांच्या हाती गेले. १९७० च्या दशकाच्या आरंभी जुने फरीदाबाद, नवी औद्योगिक वसाहत, बल्लभगढ आणि भोवतालची गावे एकत्र करून ‘फरीदाबाद कॉम्प्लेक्स’ नावाची व्यवस्था आली. राज्य सरकारने नेमलेला मुख्य प्रशासक हा तिचा प्रमुख होता. महापालिका यायला १९९० चे दशक उजाडले. स्वतःची घरे स्वतः बांधणाऱ्यांच्या या शहराला दोन दशके वरून नेमलेल्या अधिकाऱ्याच्या कारभाराची सवय लागली. २०२२ नंतरची तीन वर्षे कोणाला फारशी खुपली नाहीत, याचे एक कारण मला या सवयीत दिसते.

नगरसेवक असले म्हणून काय बिघडते आणि काय सुधारते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरणही याच शहरात आहे. २०२० मध्ये मागच्या सभागृहातील काही नगरसेवकांनी आपापल्या प्रभागांतील कामांची माहिती लेखा विभागाकडे मागितली. जी कामे प्रभागात झालेलीच नाहीत, त्यांचीही देयके ठेकेदाराला चुकती केल्याचे कागदांवरून दिसते, अशी तक्रार त्यांनी केली. सुमारे २०० कोटी रुपयांच्या कथित गैरव्यवहाराचे हे प्रकरण राज्याच्या दक्षता विभागाकडे गेले. २०२२ मध्ये गुन्हे नोंदवले गेले, अटकाही झाल्या. न्यायालयाचा अंतिम शब्द येईपर्यंत आरोप हे आरोपच राहतील. पण ही बाब उजेडात आणली ती मंत्रालयातल्या एखाद्या समितीने नव्हे. आपल्या प्रभागात फरसबंदी झाली की नाही, हे डोळ्यांनी पाहू शकणाऱ्या नगरसेवकांनी ती उजेडात आणली. सभागृह अस्तित्वात असतानाच ती देयके निघाली होती, हेही तितकेच खरे. म्हणजे नगरसेवक असणे पुरेसे नाही. त्याने कागद मागितला पाहिजे. मात्र नगरसेवकच नसेल, तर कागद मागण्याची शक्यताही उरत नाही.

१३ सप्टेंबर २०२४ च्या रात्री जुन्या फरीदाबादच्या रेल्वेखालील भुयारी मार्गात पावसाचे पाणी भरले आणि त्यात मोटार अडकून एका बँकेच्या दोन कर्मचाऱ्यांचा बुडून मृत्यू झाला. दिल्लीपासून तासाभराच्या अंतरावर, ‘स्मार्ट सिटी’ म्हणून २०१६ मध्ये निवडल्या गेलेल्या शहरात ही घटना घडली. त्या रात्री शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. नगरसेवक असते तर पाणी साचले नसते, असा दावा कोणी करणार नाही. पण पाणी साचणाऱ्या जागा स्थानिक लोकांना वर्षानुवर्षे पाठ असतात. ती माहिती पावसाळ्यापूर्वी सभागृहात मांडली जाणे, इतिवृत्तात नोंदली जाणे आणि कोणत्या खात्याने काय करायचे हे तारखेसह ठरणे, यासाठीच सभागृह असते. इतिवृत्तात नोंद असली की दुर्घटनेनंतर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणता येत नाही.

कोणत्या खात्याने काय करायचे, हा प्रश्न फरीदाबादमध्ये विशेष बिकट आहे. महापालिका आहे, शहर विकास प्राधिकरण आहे, औद्योगिक विकास महामंडळ आहे, स्मार्ट सिटीची स्वतंत्र कंपनी आहे आणि २०१८ च्या कायद्याने आलेले महानगर विकास प्राधिकरणही आहे. शिवाय रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग आणि सार्वजनिक बांधकाम खाते वेगळेच. महानगर प्राधिकरणाचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री असतात. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत महापालिकांकडे सोपवण्याजोगे १८ विषय दिले आहेत. पण राज्यांनी ते देताना हात आखडता घेतला, हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी १८ राज्यांच्या पाहणीत दाखवून दिले आहे. पाण्याची वाहिनी एकाची, टाकी दुसऱ्याची आणि तक्रार तिसऱ्याकडे, अशी ही रचना. यात सामान्य माणसाला एकच पत्ता पाठ होऊ शकतो, आणि तो नगरसेवकाच्या घराचा असतो.

हरियाणाने २०१८ पासून महापौराची निवड थेट मतदारांकडे सोपवली. २०२५ मध्ये फरीदाबादच्या ४६ प्रभागांतील मतदारांनी भाजपच्या प्रवीण जोशी यांना ३ लाखांहून अधिक मताधिक्याने महापौर केले. शहरातल्या कोणत्याही आमदाराच्या पाठीशी एवढा कौल नाही. परंतु अंमलबजावणीचे अधिकार आजही राज्याने नेमलेल्या आयुक्ताकडेच एकवटले आहेत. एवढा मोठा कौल घेतलेल्या व्यक्तीला आपल्या अधिकाऱ्यांवर पुरेसा अधिकार नसेल, तर लोकांची निराशा अटळ आहे आणि त्या निराशेचे खापर लोकशाहीवर फुटेल. महापौर थेट निवडायचा असेल तर त्याला कारभाराचे अधिकार द्यावेत आणि सभागृहाला त्याच्याकडून हिशेब मागण्याचे बळ द्यावे. यातले एकच अर्धे करण्यात काही अर्थ नाही.

निवडणुकीच्या आधी आमच्या सेक्टरमधील काही तरुण माझ्याकडे आले होते. त्यांच्यापैकी एकाला प्रभागातून उभे राहायचे होते आणि निवृत्त अधिकारी म्हणून माझा सल्ला हवा होता. त्याने तयार केलेल्या पत्रकात रस्ते, पथदिवे, उद्यान आणि व्यायामशाळा यांची आश्वासने होती. मी त्याला म्हटले, यातले काहीही एकट्या नगरसेवकाच्या हातात नाही, आणि जे हातात आहे ते या पत्रकात नाही. महापालिकेचा अर्थसंकल्प मागवून वाच. आपल्या प्रभागात गेल्या पाच वर्षांत कोणती कामे मंजूर झाली, कार्यादेश कोणाला मिळाले, मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले आहे, हे माहितीच्या अधिकारात विचार. ती यादी चौकात फलकावर लाव आणि लोकांना सांग, की यातले खरे काय आणि खोटे काय ते तुम्हीच तपासा. हरियाणात २००८ पासून नागरिकांच्या सहभागाचा स्वतंत्र कायदा आहे. त्याखालची प्रभाग समिती भरवण्याचे वचन दे. व्यायामशाळेपेक्षा हे वचन कमी आकर्षक आहे. पण पाळता येण्याजोगे आहे.

या परंपरेची मुळे महाराष्ट्रात फार खोल आहेत. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. कारभार लगेच सुधारेल अशी त्याची अपेक्षा नव्हती. लोकांना राजकीय शिक्षण मिळावे हा त्याचा मुख्य हेतू होता. फिरोजशहा मेहता मुंबईत, गोखले पुण्यात आणि वल्लभभाई पटेल अहमदाबादेत याच शाळेतून पुढे गेले. हजार रुपयांच्या खर्चावर बोट ठेवणारा सदस्य आणि फरसबंदीच्या देयकावर बोट ठेवणारा नगरसेवक यांचे काम एकच आहे. ते आज अधिक गरजेचे आहे, कारण रक्कम आता कोटींत आहे.

आता पुढचा धोका दिसतो आहे, तोवर बोललेले बरे. २०२७ मध्ये देशाची जनगणना व्हायची आहे. तिचे आकडे आले की प्रत्येक शहरात प्रभागांची फेररचना निघेल, आरक्षणाचे तक्ते नव्याने मांडले जातील आणि पुन्हा न्यायालयाच्या पायऱ्या झिजतील. फरीदाबादच्या सध्याच्या सभागृहाची पाच वर्षे २०३० च्या प्रारंभी पूर्ण होतील. मुंबईची २०३१ मध्ये. हरियाणा आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी प्रभागरचनेचे काम राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवावे, ते मुदत संपण्याच्या किमान एक वर्ष आधी पूर्ण करण्याचे बंधन कायद्यात घालावे आणि ते पूर्ण झाले नाही तर जुन्याच प्रभागांवर मतदान घ्यावे, अशी तरतूद करावी. यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. विधानसभेच्या एका अधिवेशनात हे होऊ शकते. आपल्या आमदाराला हा प्रश्न विचारण्याची वेळ २०३० ची नाही, आजची आहे.